त्रिकोणाचं तिसरं टोक

गाण्यावर लिहिणारे लोक पुष्कळ काही सांगतात. संगीतकार कोण, शब्द कुणाचे, चाल कुठून आली, गायिकेचा सूर कुठे लागला आणि कुठे निसटला. एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. लिहिणाऱ्यानं ते गाणं ऐकलं कुठे बसून? स्पीकर कुठे होते, मागची भिंत किती लांब होती, की सगळं फोनवरच उरकलं? मोबाईलवर सिनेमा बघून कुणी त्याच्या छायाचित्रणावर ताशेरे ओढले, तर आपण त्याला हसू. गाण्याच्या बाबतीत हे रोज चालतं आणि कुणाला खटकत नाही.

मला खटकतं, कारण यातून होणारा अन्याय एकाच दिशेनं वाहतो. मराठवाड्यातल्या छोट्या गावांतली पोरं एक लॅपटॉप, एक माईक आणि दोन स्पीकर एवढ्यावर गाणी करून यूट्यूबवर टाकतात. भीमगीतं, लग्नाची गाणी, भारुडं, प्रेमभंगाची रडगाणी. त्यांच्याखाली एक शेरा हमखास येतो, 'चाल बरी आहे, पण रेकॉर्डिंग गावठी.' म्हणजे दोष गावाचा, भाषेचा, फार तर स्वस्त यंत्रांचा. माझं म्हणणं असं की या 'गावठी'पणाचा मोठा वाटा खोलीचा असतो. त्या खोलीत स्पीकर कुठे ठेवले आणि खुर्ची कुठे मांडली, याचा असतो. तो बहुतांशी मेजर टेप आणि आरसा एवढ्या सामानात दुरुस्त होतो. आणि शेरा मारणाऱ्याचा कानही कुठल्यातरी खोलीतच असतो, हे त्याला ठाऊक नसतं.

कुत्रा बरोबर जागी बसला होता

जुन्या एचएमव्हीच्या तबकडीवरचं चित्र आठवा. ग्रामोफोनचा कर्णा आणि त्याच्या तोंडासमोर कान देऊन बसलेला कुत्रा. रेकॉर्ड विकणाऱ्या कंपनीनं आपल्या चिन्हात गायक घातला नाही, वाद्य घातलं नाही. यंत्र घातलं आणि ऐकणारा घातला. तोही कर्ण्याच्या बरोबर समोर.

एकच कर्णा असताना ऐकण्याची जागा तशी सोपी होती. समोर बसलं की झालं. १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये ॲलन ब्लुमलाइन या इंजिनिअरनं दोन वाहिन्यांच्या आवाजाचं पेटंट मागितलं आणि ऐकण्यात भूमिती शिरली. दोन स्पीकर आले की मधली रिकामी जागाही गाऊ लागते. डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून एकच आवाज सारख्याच ताकदीनं आला, तर तो दोन्हींच्या मधोमध, जिथे काहीच नाही तिथून आल्यासारखा वाटतो. गायक सहसा तिथेच 'उभा' असतो. तो भास आहे. पण तो तयार होतो ठरावीक ठिकाणी बसलेल्या माणसाच्या डोक्यातच.

ते ठिकाण म्हणजे समभुज त्रिकोणाचं तिसरं टोक. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येक स्पीकरपासून तुमच्या डोक्यापर्यंत. तिथून पाहिलं तर दोन स्पीकरमध्ये ६० अंशांचा कोन होतो. स्पीकरची तोंडं तुमच्याकडे वळलेली हवीत आणि ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीवर हवा. टेबलावर आडवे टाकलेले, पोटाकडे तोंड केलेले स्पीकर बारीक आवाज पोटालाच ऐकवतात.

ही भूमिती किती नाजूक आहे पाहा. आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो. तुम्ही एका स्पीकरला दुसऱ्यापेक्षा फूटभर जवळ बसलात, तर त्याचा आवाज जवळजवळ १ मिलिसेकंद आधी पोहोचतो. एवढ्यावर मधोमध गाणारी बाई उठून त्या बाजूच्या स्पीकरमध्ये जाऊन बसते. मग समीक्षक लिहितो, 'गायिकेचा आवाज वाद्यांत हरवला आहे.' हरवली गायिका नसते. खुर्ची सरकलेली असते.

दहा बाय दहा

टेंभुर्णी म्हटलं की बहुतेकांना सोलापूरची, माढा तालुक्यातली, पुण्याहून सोलापूरला जाताना लागणारी टेंभुर्णी आठवते. मी म्हणतोय ती जालना जिल्ह्यातली, जाफ्राबाद तालुक्यातली. अशा गावांत घरं साधारण तीन तऱ्हेची. जुनी माळवदाची, मधली पत्र्याची, नवी स्लॅबची. 'स्टुडिओ' निघतो तो नव्या स्लॅबच्या घरातल्या एका खोलीत. भिंती गुळगुळीत, खाली चकचकीत फरशी, वर काँक्रीट आणि माप दहा बाय दहा.

आवाजासाठी याहून वाईट माप शोधूनही सापडणार नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लांबी नेमकी बसते, तो सूर खोली स्वतःच घुमवते. दहा फूट म्हणजे साधारण ३.०५ मीटर, आणि त्या अंतरात बसणारा सूर येतो सुमारे ५६ हर्ट्झवर. खोली दहा बाय दहा आणि स्लॅबही दहा फुटांवर असेल, तर लांबी, रुंदी, उंची तिन्ही याच सुरावर एकजूट करतात. खोलीला एकच गाणं येतं आणि ते ती प्रत्येक गाण्यात घुसडते.

त्यातही गंमत अशी की हा घुमारा खोलीत सगळीकडे सारखा नसतो. भिंतीला टेकून बसलात तर तो सगळ्यात जास्त. नेमके मधोमध बसलात तर जवळजवळ शून्य. आता दोन पोरांची कल्पना करा. दोघांचे स्पीकर तेच, लॅपटॉप तोच.

पहिल्याचं टेबल एका भिंतीला आणि खुर्ची समोरच्या भिंतीला टेकलेली. त्याला खर्ज भरमसाट ऐकू येतो. तो प्रामाणिकपणे खर्ज कमी करतो. त्याचं गाणं बाहेर कुठेही वाजवा, पातळ वाटतं, ताकात पाणी घातल्यासारखं.

दुसरा खोलीच्या बरोबर मध्यावर बसतो. त्याला खर्ज ऐकूच येत नाही. तो वाढवतो, अजून वाढवतो. त्याचं गाणं लग्नाच्या डीजेवर लागतं तेव्हा गायकाचा शब्द कळत नाही, नुसती छाती हादरते.

दोघंही बहिरे नाहीत, बेफिकीरही नाहीत. दोघांनी जे ऐकलं त्यावर अगदी बरोबर काम केलं. खोली खोटं बोलली आणि दोष गाण्याच्या माथी आला. 'गावठी' म्हणून ज्याची हेटाळणी होते, तो पुष्कळदा असा उलटा हिशेब असतो.

मग करायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे दहा बाय दहाऐवजी दहा बाय बाराची खोली मिळत असेल तर ती घ्यावी. तिच्या लांबीचा सूर ४७ हर्ट्झच्या आसपास जातो आणि निदान दोन मापांची युती फुटते. स्पीकर आखूड भिंतीपाशी ठेवून आवाज लांबीच्या दिशेनं सोडावा. डाव्या स्पीकरपासून डावी भिंत जेवढी लांब, उजव्यापासून उजवी तेवढीच ठेवावी. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडं दार असेल, तर दोन कानांना दोन वेगळ्या खोल्या ऐकू येतात. डोकं समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर ठेवावं. बारा फुटांच्या खोलीत हे अंतर साडेचार फूट होतं. हा आकडा शिलालेख समजू नये, ती सुरुवात आहे. तिथून अर्धा फूट मागे-पुढे सरकून, खर्जाची एकच ओळ पुन्हा पुन्हा लावून, कुठे ती सगळ्यात सपाट ऐकू येते ते शोधायचं.

भिंतीशी किती सलगी

इथे एक लोकप्रिय सल्ला तपासून बघायला हवा. स्पीकर भिंतीपासून दूर ओढा, असं जो तो सांगतो. किती दूर, हे सांगत नाही.

खर्जाचा आवाज स्पीकरच्या फक्त पुढे जात नाही, मागेही जातो. मागच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढे निघालेल्या आवाजाला भेटतो. जाऊन-येऊन झालेलं अंतर एखाद्या सुराच्या अर्ध्या लांबीइतकं झालं, की तो सूर स्वतःलाच खोडतो. स्पीकर भिंतीपासून १ मीटर असेल तर हा खड्डा ८६ हर्ट्झच्या आसपास पडतो. ६० सेंटिमीटरवर असेल तर १४३ हर्ट्झच्या आसपास. पुरुषी आवाजाचा तळ आणि ढोलकीच्या खर्ज बाजूचा घुमारा याच टापूत राहतो. म्हणजे 'दूर ओढा' हा सल्ला अर्धवट पाळणाऱ्यानं ढोलकीच्या पोटातच खड्डा पाडला. आणि हा खड्डा सॉफ्टवेअरमध्ये तो सूर वाढवून भरत नाही, कारण जेवढा वाढवाल तेवढाच परत येऊन खोडतो.

मोठ्या हॉलमध्ये स्पीकर दोन-सव्वादोन मीटर पुढे घेता येतात आणि खड्डा खूप खाली जातो. दहा बाय बारात ते शक्य नाही. तिथे उलट वागणं जास्त शहाणपणाचं. स्पीकर भिंतीच्या अगदी जवळ, वीतभरावर ठेवावेत. २० सेंटिमीटरवर हा खड्डा ४३० हर्ट्झपर्यंत वर सरकतो, आणि जसजसे सूर वर जातात तसतसा स्पीकर मागे कमी आणि पुढे जास्त आवाज फेकतो, म्हणून खड्डा उथळ होतो. भिंतीजवळ खर्ज फुगतो खरा, पण तो सबंध पट्टा सरसकट फुगतो आणि कमी करता येतो. बऱ्याच स्टुडिओ स्पीकरच्या पाठीवर त्यासाठी बटण असतं. फुगलेलं आवरता येतं, खोडलेलं परत आणता येत नाही. कोपरा मात्र टाळावा. तिथे दोन भिंती आणि फरशी मिळून खर्ज फुगवतात.

बाजूच्या भिंतींसाठी आरसा पुरतो. तुम्ही खुर्चीत बसा, मित्राला भिंतीला लावून आरसा सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, तिथूनच पहिला परावर्तित आवाज कानात येतो. तेवढ्याच जागी जाड वाकळ किंवा गोधडी टांगली तरी मधल्या आणि बारीक आवाजातला गोंधळ निवळतो. सगळ्या खोलीला चादरी लावायची गरज नाही, अंड्याचे ट्रे चिकटवायची तर मुळीच नाही. पातळ कापड फक्त बारीक आवाज गिळतं, खर्ज तसाच गर्जत राहतो, आणि खोली एकाच वेळी मुकी आणि घुमणारी होते. १०० हर्ट्झच्या सुराची पाव लांबी ८६ सेंटिमीटर भरते. त्याला अडवायचं तर जाडी लागते. कापसाच्या जिल्ह्यात ती परवडण्यासारखी आहे. कापूस भरलेल्या चार-पाच गाद्या कोपऱ्यात एकावर एक उभ्या करता येतात.

जुन्या माळवदाच्या घरात टाळी वाजवली तर स्लॅबच्या रिकाम्या खोलीसारखा झणझणाट सहसा येत नाही. भिंती मातीच्या, खडबडीत, त्यांत कोनाडे आणि देवळ्या, वर लाकूड. आवाज एकाच वाटेनं परत येत नाही, विखुरतो. ते घर पाडून बांधलेल्या स्लॅबच्या खोलीत आपण मग फोम चिकटवत बसतो.

'सैराट' एकाच गावात, चार ठिकाणी

आता हे सगळं एका गाण्यावर लावून बघू, नाहीतर हा लेख सुतारकामाचा होईल. 'सैराट' २०१६ च्या एप्रिलमध्ये आला. अजय-अतुल यांनी त्यातल्या गाण्यांसाठी पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला. तेव्हा सगळ्या कौतुकात 'भव्य' हा शब्द फिरत होता. भव्य म्हणजे काय, हे ऐकण्याच्या जागेशिवाय कळत नाही.

असा वाद्यवृंद मोठ्या हॉलमध्ये रेकॉर्ड करतात, तेव्हा माईक वाद्यांसोबत तो हॉलही टिपतात. व्हायोलिन किती लांब आहेत, त्यांचा आवाज छताला जाऊन कसा विरतो, हे गाण्याचा भाग असतं. म्हणजे 'याड लागलं' ऐकताना तुमच्या खोलीत आणखी एक, फार मोठी खोली येऊ बघते. तुमची खोली बडबडी असेल तर ती पाहुणीला बोलू देत नाही.

फोनच्या स्पीकरवर हे गाणं गोड चाल म्हणून उरतं. खर्ज जवळजवळ गायब, रुंदी नाहीच. वाद्यवृंद गायकाच्या मागे टांगलेल्या पडद्यासारखा सपाट होतो. इयरफोनमध्ये खोलीचा अडथळा संपतो, पण डावं फक्त डाव्या कानात आणि उजवं फक्त उजव्या कानात जातं, म्हणून सगळा ताफा डोक्याच्या आत मांडी घालून बसतो. दोन नीट मांडलेल्या स्पीकरसमोर, तिसऱ्या टोकावर बसून ऐकलं की पहिल्यांदा अंतर कळतं. मला तिथे गायक जवळ आणि व्हायोलिन खूप लांब ऐकू आले. त्या अंतरातच गाण्याचा अर्थ आहे. गावातल्या पोराचं प्रेम त्याच्या स्वतःच्या डोक्यात केवढं मोठं आहे, हे ते अंतर सांगतं. वाद्यवृंद इथे दागिना म्हणून आलेला नाही, तो त्या पोराला स्वतःविषयी वाटणारी उंची आहे. फोनवर ऐकून कुणी 'उगाच हॉलिवूडचा खर्च' म्हटलं, तर फोनपुरतं ते खरंच आहे. गाण्यापुरतं खरं नाही.

याच खुर्चीतून 'झिंगाट' ऐका. मजा कमी होते. स्टुडिओच्या स्पीकरवर ते नेमकं, काहीसं शिस्तीचं वाटतं. म्हणून ते कमी प्रतीचं ठरत नाही. ते गाणं त्रिकोणासाठी केलेलं नाही, भिंतीसाठी केलेलं आहे. डीजेची भिंत म्हणजेही स्पीकरची मांडणीच. खर्जाची खोकी जमिनीवर, एकमेकांना चिकटून, म्हणजे जमीन आणि शेजारचं खोकं दोन्ही मिळून खर्ज वाढवतात. डावं-उजवं असा भेद नाही, कारण नाचणाऱ्या दोनशे लोकांत तिसरं टोक कुणाला देणार? 'झिंगाट'मध्ये असं फारसं काही नाही जे चुकीच्या जागी उभं राहिल्यानं हरवेल, आणि ही त्याच्या कर्त्यांची हुशारी आहे. मिरवणुकीत सगळ्यांची जागा चुकीचीच असते.

गावात तिसरी मांडणीही आहे. हरिनाम सप्ताहात उंचावर बांधलेला भोंगा. त्यात खर्ज नाही, गोडवा नाही. पण शेतात वाकलेल्या बाईपर्यंत कीर्तनातला शब्द पोहोचवायचा, एवढंच त्याचं काम आणि ते तो चोख करतो. आणि चौथी मांडणी सिनेमा थिएटरची. तिथे पडद्याला बारीक भोकं असतात आणि संवादाचा स्पीकर पडद्यामागे, मधोमध असतो. कडेच्या खुर्चीत बसलेल्यालाही आर्चीचा आवाज आर्चीच्याच तोंडून यावा, म्हणून मधला भास तिथे डोक्यावर सोपवत नाहीत, खराखुरा स्पीकर बसवतात.

या प्रत्येक मांडणीला कारण आहे. स्टुडिओच्या त्रिकोणाचं कारण एवढंच की बाकीच्या सगळ्या ठिकाणी काय होईल, याचा अंदाज तिथून बांधता यावा. तो त्रिकोण उच्च अभिरुचीचा ठेका घेऊन बसलेला नाही. मोजायला एक सरळ पट्टी लागते, तेवढं त्याचं महत्त्व.

पांढरा स्पीकर

अचूक म्हणजे गोड, हा आणखी एक गैरसमज. जगभरच्या स्टुडिओंच्या फोटोंत एक जोडी हमखास दिसायची, काळं खोकं आणि पांढरा वूफर. यामाहाचा एनएस-१०. तो १९७८ मध्ये घरगुती स्पीकर म्हणून आला आणि घरात फारसा आवडला नाही. बारीक आवाज इतका टोचायचा की ध्वनिमुद्रक ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवायचे. तरीही २००१ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तो स्टुडिओंत ठाण मांडून होता. कारण गाण्यातला मधल्या पट्ट्याचा गोंधळ तो लपवायचा नाही. त्याच्यावर बरं वाजलेलं गाणं बाहेरही बरं वाजायचं.

समीक्षेनं यातून शिकण्यासारखं आहे. आपल्याकडची समीक्षा पुष्कळदा घरगुती स्पीकरसारखी असते, खर्ज थोडा फुगवलेला, कडा गुळगुळीत केलेल्या. नाहीतर कोपऱ्यातल्या स्पीकरसारखी, एकाच सुरात गर्जणारी.

आवाज किती मोठा ठेवला, हीसुद्धा ऐकण्याची जागाच आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की आवाज हळू असला की कानाला खर्ज आणि अतिबारीक सूर कमी जाणवतात. म्हणून मोठ्यानं वाजवलेलं गाणं जास्त भरलेलं वाटतं. रात्रभर मोठ्या आवाजात काम करणाऱ्याला आपलं गाणं जगातलं सर्वोत्तम वाटतं आणि सकाळी हळू आवाजात तेच रोडावलेलं निघतं. शेजारच्याशी बोलता येईल एवढ्या आवाजात काम करावं आणि मोठ्यानं फक्त तपासून बघावं. मे महिन्यात पंखा बंद करता येत नाही, हे मान्य. पण पंख्याखाली कुठले हळू आवाज बुडतात, एवढं तरी माहीत असावं.

'सैराट'च्या शेवटच्या दृश्यात आवाज काढून घेतला आहे. चालणारं मूल दिसतं आणि काहीच ऐकू येत नाही. त्या क्षणी थिएटर ऐकू येतं. एसीचा घोंगावा, कुणाचा तरी श्वास, मागच्या रांगेतली खुर्ची. ज्या खोलीला आपण दोन-अडीच तास विसरलो होतो, ती तिथे बोलायला लागते. ऐकण्याची जागा गाण्याचा आणि सिनेमाचा भाग असते, याचा एवढा स्पष्ट पुरावा मराठीत दुसरा मला माहीत नाही.

माझी जागाही सांगून टाकतो, कारण दुसऱ्यांकडून मागायची तर आपली आधी सांगावी. दहा बाय बाराची स्लॅबची खोली, स्पीकर मागच्या भिंतीपासून वीतभर, एकमेकांपासून तीन फूट, कानापर्यंतही तीन फूट, दोन बाजूंना गोधड्या, कोपऱ्यांत गाद्या, पंखा दोनवर. 'याड लागलं'बद्दल वर जे लिहिलं ते या जागेवरून. तुमची जागा वेगळी असेल तर तुमचं मतही वेगळं असू शकेल, आणि मग आपण खरं भांडू शकू.

एखाद्या गावातल्या पोराच्या गाण्याखाली 'रेकॉर्डिंग गावठी' लिहायची इच्छा झाली, तर तेच गाणं निदान दोन ठिकाणी ऐका. दोन्हीकडे खर्ज पातळच वाटला, तर त्याला तसं नेमकं लिहा, 'खर्ज कमी आहे, तुझी खुर्ची भिंतीला टेकली आहे का बघ.' एवढ्या एका ओळीनं त्याचं पुढचं गाणं सुधारू शकेल.